धाकटीचं वजन

१२ फेब्रुवारी

सर्जन म्हणाले, रोजची नोंद ठेवा. वजन, ताप, काय खाल्लं, किती खाल्लं. म्हणून ही वही. वजनमापे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं दुकानादुकानांतले काटे तपासले, तेव्हा नोंदी ठेवायला मला कुणी शिकवायला नको. भावना लिहिण्यासाठी ही वही नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट केलेलं बरं.

वस्तुस्थिती अशी. धाकटी बहीण, वय एकसष्ट. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता तोच आजार यकृतात उतरलाय. उजव्या बाजूला सहा गाठी, डावीकडे एक, वाटाण्याएवढी. केमोचे चार डोस झाले, गाठी आक्रसल्या. डिसेंबरपासून ती माझ्या घरी आहे. उंची १५२, वजन ५०.

सर्जनने कागदावर यकृत काढून दाखवलं. धाकटीने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तिने मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, हे यकृत आहे की बूट?" मग त्यांच्या हातातलं पेन घेऊन दुरुस्त करून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्जन मात्र हसले आणि पुढचं सगळं तिच्याच चित्रावर समजावलं.

उजवी बाजू पूर्ण काढायची. डावीकडची गाठ बारीक सुई घालून उष्णतेने जाळायची. अडचण एकच, डावी बाजू छोटी आहे, एकोणीस टक्के. केमोने दमलेलं यकृत निदान तीस टक्के तरी मागे उरावं लागतं, नाहीतर ऑपरेशन यशस्वी होऊनही माणूस राहत नाही. त्यावर उपाय असा की उजवीकडे रक्त नेणारी मोठी शीर आधी आतून बंद करायची. मग ते रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू वाढते. चार आठवड्यांनी मोजायचं. तीस भरले तर ऑपरेशन.

"वाढते म्हणजे खरोखर वाढते?" मी विचारलं.

"खरोखर. शरीरात हा गुण यकृताकडेच आहे."

बाबांच्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

सकाळी धाकटीने अट घातली. चहाचा कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता.

"मला सगळं सांगायचं, ताई. रिपोर्ट आला की आधी माझ्या हातात. कावीळ उतरतेय असलं पत्र पुन्हा नको."

मी म्हटलं, बरं.

अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या पत्राचा विषय काढला. बाबांचा आजार यकृतातच सुरू झाला होता. त्यांना आत नेलं, पोट उघडलं, पाहिलं आणि शिवलं. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. धाकटी तेव्हा दूर वसतिगृहात, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेली. मी तिला लिहिलं, बाबांना कावीळ आहे, उतरतेय, परीक्षा देऊन ये. ती परीक्षा देऊन आली. तोवर बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते.

परीक्षेत ती पहिली आली. हेही नोंदवून ठेवते.

१७ फेब्रुवारी

शीर बंद केली. छातीखाली एक टोचल्याची खूण, बाकी काही नाही. ती दीड तासात बाहेर आली आणि सिस्टरला म्हणाली, "एवढ्याशा भोकातून एवढं मोठं धरण बांधलंत होय!" उद्या घरी.

२० फेब्रुवारी

आजपासून पद्धत ठरवली. सकाळी सात वाजता, पोट रिकामं असताना वजन. काटा भरवशाचा आहे ना हे पाहायला आधी मी स्वतः उभी राहिले, ५३.६. नेहमीचंच. मग धाकटी, ५०.२.

तिला थंडी वाजते म्हणून ती जाड गाऊन काढायला तयार नाही. मी गाऊन वेगळा तोलला, ६४० ग्रॅम. पोत्याचं वजन वजा करतात तसं रोज वजा करेन.

काट्यावर उभं राहताना धाकटी हसली. "बाबांचं दुकान आठवलं."

मलाही आठवलं होतं. बाबांचं किराण्याचं दुकान, आत पोती तोलायचा मोठा तराजू, साखळ्यांना टांगलेली दोन पारडी. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी, फळ्या लावून झाल्यावर, बाबा एका पारड्यात मला आणि दुसऱ्यात धाकटीला बसवायचे. मी मोठी, थोराड. ती काडी. तरी दांडी दर वर्षी सरळ! "बघा, माझ्या दोघी सारख्या," असं म्हणून बाबा टाळी वाजवायचे. आठ वर्षांची असताना मी खाली वाकून पाहिलं. माझ्या पारड्याखाली बाबांचा पाय होता. अंगठ्याने उचलून धरलेलं.

"बाबा, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"दुकान बंद असताना चालतं," बाबा म्हणाले.

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी या नोकरीत का गेले असं लोक विचारत, तेव्हा मी पदवीचं कारण सांगत असे.

२६ फेब्रुवारी

वजन ४९.१. सूप अर्धी वाटी, अंडं नको म्हणाली, टोस्टचा एक कोपरा. मी तिला स्पष्ट बजावलं की असंच चाललं तर ऑपरेशनपर्यंत अंगात काही उरणार नाही. ती म्हणाली, "तू जेवलीस का?" हा विषय माझ्या जेवणाचा नव्हता.

रक्त तपासायला गेलो तेव्हा बाकावर घड्याळजी भेटले. निवृत्त घड्याळ-दुरुस्तीवाले, गेल्या महिन्यापासून ओळख. त्यांचा आजार यकृतातच उगवलेला, बाबांसारखा. त्यांच्या मांडीतून बारीक नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीत वाळूहून बारीक मणी सोडलेत, किरण टाकणारे. गाठ आतल्या आत वाळते म्हणे. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. गाठ आता निम्मी आहे.

मी बाबांचं सांगितलं. कशासाठी सांगितलं कुणास ठाऊक. ते भिंग पुसावं तसा चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचे वडील फार लवकर आजारी पडले. चाळीस वर्षं थांबायला हवं होतं त्यांनी."

वाक्य मला आवडलं नाही. दिवसभर डोक्यातून गेलंही नाही.

२८ फेब्रुवारी

वजन ५०.० बरोबर. बोलल्याचा परिणाम झाला. कडक वागावंच लागतं.

५ मार्च

५०.१. चांगलं.

दूध घ्यायला खाली जाऊन येते तोवर धाकटी आता उठून, गाऊन घालून, काट्याशेजारी तयार असते. पूर्वी हिला अंथरुणातून ओढून काढावं लागे. आईची अर्धी शक्ती त्यातच गेली.

खुर्चीवर बसताना आज खट्ट असा आवाज झाला. म्हणाली, "गुडघे गं." गुडघ्यांचंही सर्जनना विचारायला हवं.

९ मार्च

५०.०. पण मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतं तिचं. पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं. पट्टे हल्ली ताणतातच. माझ्याही कमरेला दोन पिना लावाव्या लागतात, इलॅस्टिक टिकत नाही. पूर्वीचा माल राहिला नाही.

दुपारी तिने यकृताचं चित्र काढलं. नकाशासारखं. उजवीकडे धरणापलीकडे आटलेला प्रदेश आणि डावीकडे हिरवळ. हिरवळीत दोन लहान मुली. मी विचारलं, या कोण. म्हणाली, "वाढताहेत."

१७ मार्च

स्कॅन. धाकटी कपडे बदलायला आत गेली. स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञ मुलीने मला उंची आणि वजन विचारलं. वजन कशाला, मी विचारलं. तिने नीट समजावलं. माणूस जेवढा मोठा तेवढं यकृत त्याला लागतं, म्हणून उंची-वजनावरून आधी एकूण किती हवं ते काढतात आणि उरणारा भाग त्याच्या किती टक्के आहे ते पाहतात. त्यांचा तिथला काटा दुरुस्तीला गेला होता. मी माझा तक्ता पुढे केला. रोजचं वजन, वेळ, गाऊनची वजावट, खाली सही.

मुलगी बघतच राहिली. "मावशी, इतका नीट तक्ता आमच्या वॉर्डातसुद्धा नसतो. हाच आकडा घेते."

तिने ५० लिहिलं. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

१९ मार्च

अठ्ठावीस.

रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले होते. सर्जन म्हणाले, वाढ चांगली आहे, पण थोडी कमी पडते. तीन आठवडे थांबून पुन्हा मोजू. मी विचारलं, थांबण्यात धोका काय. ते म्हणाले, उजवीकडची एक गाठ वाढायला लागली आहे. तीन आठवड्यांत तिने हातपाय पसरले, तर कदाचित ऑपरेशनच करता येणार नाही.

परत येताना बागेच्या कुंपणाशी थांबले. पाकीट हातात होतं. घरी जाऊन सांगता आलं असतं, तीसच आहेत, पण डॉक्टरांना सवड नाही, म्हणून तीन आठवडे. तिला झोप लागली असती. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. ते चांगलं जमलं होतं.

घरी जाऊन पाकीट तिच्या हातात दिलं.

तिने वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "काठावर नापास. माझ्या वर्गात असती तर दोन मार्क मी दिले असते."

"माझ्या वर्गात नसते मिळाले," मी म्हणाले.

"ते माहितीये." आणि तिने माझा हात धरला. मला स्वयंपाकघरात काम होतं.

२० मार्च

हे क्रमाने लिहिते.

तीन आठवडे थांबायचं तर नोंदी निर्दोष हव्यात, म्हणून वजनकाटा तपासायचं ठरवलं. घड्याळाच्या पट्ट्याचंही डोक्यात होतंच. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने मला बाद झालेला पितळी वजनांचा संच भेट दिला होता. बाद झाला तरी ग्रॅमभराच्या आत आहे. कपाटातून पेटी काढली. हलकी लागली. झाकण उघडलं.

मखमलीत तीन खाचे रिकामे. दोन किलो, एक किलो, पाचशे ग्रॅम.

क्षणभर मला चोरीच वाटली. मग बाहेर गेले. धाकटी खिडकीशी बसली होती.

"गाऊनचे खिसे उलटे कर."

"ताई, ऐक ना..."

"खिसे."

टेबलावर एकामागून एक तीन वजनं ठेवली तिने. खट्ट, खट्ट, खट्ट. तिचे गुडघे उत्तम आहेत.

मी एकतीस वर्षांत पारड्याखाली लोहचुंबक पाहिलेत, ओली पोती पाहिलीत, आतून पोखरलेली वजनं पाहिलीत. माझ्याच घरात, माझ्याच पेटीतून, माझ्याच नाकासमोर! गाऊन मी एकदाच तोलला. नवशिक्या निरीक्षकाला मी यासाठी फैलावर घेतलं असतं.

"हे कशासाठी? माझ्या ओरडण्याला घाबरून?"

"तुझ्या ओरडण्याला कोण घाबरतंय," ती म्हणाली. "एकोणपन्नास आलं त्या दिवशी तू जेवलीच नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सूप नको म्हटलं की तुझं ताट तसंच आत जायचं. मग मी ठरवलं, हिला रोज पन्नास दाखवायचे. तू दुधाला गेलीस की आधी मी माझं वजन बघायची आणि कमी पडेल तेवढं खिशात टाकायची. पहिल्या दिवशी अर्धा किलो. मग वाढत गेलं."

"खोटं आहे हे."

"दुकान बंद होतं गं, ताई."

 

तिला खिसे रिकामे करून काट्यावर उभं केलं. गाऊन वजा जाता ४६.५. साडेतीन किलोची तफावत. मी वहीत लिहायला पेन उघडलं आणि हात थांबला. तंत्रज्ञ मुलीने माझ्या तक्त्यातले ५० घेतले होते. माणूस जेवढा मोठा तेवढं यकृत लागतं. मग माणूस लहान असेल तर?

फोन लावला. "माझ्या नोंदीत चूक आहे," असं मी म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडे मुलीने दोनदा विचारलं, "वजनं? खरीखुरी वजनं? खिशात?" आणि मग तिला हसू आवरेना.

२१ मार्च

रुग्णालयाच्या काट्यावर, खिसे तपासून, ४६.४. तिथे काटा परत आला आहे. काट्याच्या पडताळणीची तारीख मी पाहून घेतली. चालू वर्षाची आहे.

मुलीने पुन्हा हिशेब केला. तीस. वर थोडे.

सर्जन म्हणाले, "अठ्ठावीस म्हणजे नाही आणि तीस म्हणजे हो, इतकं हे सोपं नसतं. पण वाढ जोमात आहे, रक्त चांगलं आहे आणि ती गाठ थांबणार नाही. मग आपण तरी कशाला थांबायचं? दोन तारखेला घेऊ. तोवर यांना खाऊ घाला." मग धाकटीकडे वळून, "आणि तुम्ही. पुन्हा असं केलंत तर वजनं पोटातच शिवून टाकीन."

"चालेल," धाकटी म्हणाली, "फक्त चित्र मला काढू द्या."

घरी आल्यावर तिने फर्मान काढलं की दोघींची ताटं एकाच वेळी, समोरासमोर. तिचा घास, माझा घास. लहान मुलांसारखं. मी विरोध नोंदवला आणि जेवले.

१ एप्रिल

दुपारी भरती केलं. बॅगेतले कपडे लावता लावता मी म्हणाले, "ते पत्र बाबांनी लिहायला सांगितलं नव्हतं. ते तुझी वाट बघत होते. मीच ठरवलं."

ती उशी नीट करत होती. "माहितीये. अक्षरावरून कळलं होतं. खोटं लिहिताना तू समास फार रुंद सोडतेस."

"तेव्हाच कळलं होतं?"

"पेपरच्या आदल्या दिवशी. पण तू येऊ नको म्हणतेस म्हणजे मला बघवणार नाही असं काहीतरी असेल, असं वाटलं. मी घाबरले, ताई. मी पत्रामागे लपले. तुझ्या एकटीचं नाही ते."

अडतीस वर्षं मी ते एकटीचं समजत होते.

सिस्टर आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. भेटीची वेळ संपून चार मिनिटं झाली होती.

२ एप्रिल

आठ पाच वाजता आत नेलं.

बाहेर बाक, भिंतीवर घड्याळ. मी घड्याळाकडे पाहणार नव्हते. आठ पस्तीसला अर्धा तास झाला. तेव्हा मी उठून दाराकडे पाठ करून उभी राहिले. बाबांच्या वेळी याच सुमाराला दार उघडलं होतं. डॉक्टर रुमालाने हात पुसत आले होते. रुमालाला निळी किनार होती.

आठ चाळीस. कुणी आलं नाही. पावणेनऊ. कुणी आलं नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. घड्याळजी स्वतःच्या तपासणीला आले होते, ते शेजारी येऊन बसले. "काही कळलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "अजून कुणीच बाहेर आलं नाही." आणि मला रडू आलं, भर गर्दीत. ते बिचारे धीर द्यायला लागले. त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांना कसं सांगणार?

आयुष्यात मला उशीर कधी आवडला नव्हता.

एक वाजून दहा मिनिटांनी सर्जन आले. उजवी बाजू निघाली. डावीकडची गाठ जाळली. रक्तस्राव फार नाही. उरलेल्या भागाचा रंग चांगला आहे.

मी विचारलं, "काढलेला भाग तोलला का?"

ते थकलेले होते, तरी हसले. "तोलतात. आकडा कळवतो."

९ एप्रिल

डोळे थोडे पिवळे झाले होते, आज उतरले. कावीळ उतरतेय, हे या वेळी खरं. तिच्यासमोर उभं राहून, रिपोर्ट तिच्या हातात देऊन सांगितलं.

काढलेला भाग ६८५ ग्रॅम.

१६ एप्रिल

घरी. तिने आल्याबरोबर माझं सूप चाखलं आणि म्हणाली, "मीठ कुठल्या काट्यावर तोललंस?"

२४ मे

काल स्कॅन झाला. उरलेली बाजू जवळजवळ पहिल्या यकृताएवढी भरली आहे. कुठे डाग नाही. सर्जन म्हणाले, दर तीन महिन्यांनी बघत राहायचं, पुन्हा येऊ शकतं, हेही सांगितलं. आल्यास काय करता येईल तेही सांगितलं, सुई, मणी, पुन्हा छोटं ऑपरेशन. मी सगळं उतरवून घेतलं. धाकटीनेही ऐकलं. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आज सकाळी सात वाजता वजन. गाऊन नाही, ऊन चांगलं पडलंय. ४७.४.

मी तक्त्यात लिहिलं. ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "आता तू."

"माझं काय तोलायचंय? त्रेपन्न पॉइंट सहा."

"फेब्रुवारीतलं सांगतेस. पिना काढ त्या आणि उभी राहा."

वाद नको म्हणून उभी राहिले. ती वाकून आकडा बघत राहिली. तिने फक्त टाळी वाजवली, एकदाच. मग मी पाहिलं.

४७.४.

मी उतरले. पेटीतली वजनं ठेवून काटा तपासला, बरोबर आहे. पुन्हा उभी राहिले. तेच.

मग खाली वाकूनही पाहिलं. कुणाचा पाय नव्हता.